एकवीस सवाल

कागदावर सवाल एकवीस हुतं, आन् एकवीसच्या एकवीस सवालांचं मी वाटोळं केलं. दुसऱ्या कुनी केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पर केलं मीच, माझ्या ह्याच तोंडानं, आन् तेबी छाती पुढं काढून. म्हनून सांगताना राग येतो. कुनावर काडायचा ते कळत न्हाय, तवा सगळ्यांवरच काडते.

मी तानाबाई. आमच्या मालकांचं नाव मी घेनार न्हाय, पुढं डागदर घेईल तवा तुमास्नी कळंलच. मालक संस्थानच्या पागेत जमादार हुतं. बावीस घोडी त्यांच्या हाताखाली. संस्थान गेलं, पागा मोडली, घोडी कुठं कुठं गेली आन् हे घरात बसलं. आता पासष्टीच्या पुढं हायत.

दुखनं मातूर पागा मोडल्यामुळं आलं न्हाय. लोक तसं म्हनत्यात, म्हनूद्यात. दुखनं त्यांच्या तिशीपासनं हाय, आन् ते दोन तोंडाचं हाय. एक उधान. उधान आलं की हा मानूस नऊ-नऊ दिस डोळ्याला डोळा लावत न्हाय, बोलत्यात, हसत्यात, दिसंल त्याला जेवायला बोलावत्यात. दुसरी बसनी. बसनी लागली की तीन-तीन म्हयनं भिंतीकडं तोंड करून बसायचं, तोंडात घास घातला तर घास तसाच. आन् ह्या दोन्हीच्या मधी वरीस-दोन वरीस तुमच्या-आमच्यावानी मानूस. तुमच्या-आमच्यापरास शाना म्हना. पागेत हुतं तवर साहेबलोकांनी सांभाळून घेतलं. उधानात लांब घोडी फिरवाय लावायचं, बसनीत रजा द्यायचं. गल्लीला तेवढी अक्कल न्हाय, सरकारला तर न्हाईच न्हाय.

गेल्या साली दसऱ्याच्या मागनं उधान आलं. धा दिस झोप न्हाई. अकराव्या दिशी सकाळच्या पारी हे टेसनाच्या टांग्याच्या अड्ड्यावर गेलं, चौदा टांग्यांची घोडी सोडली आन् रंकाळ्यावर धुवाय नेली. म्हनं जनावरांच्या अंगाला किती दिस पानी न्हाय. एका टांग्यात एक वकिलीनबाई बसल्याली. घोडं सुटलं तसा टांगा मागं कलंडला आन् बाईचं पाय वर. खरचटलंबी न्हाय कुनाला. घोडी तर काय चकचकीत हून माघारी आली. पर अब्रू वकिलाची हुती, तवा पोलिसात गेलं, कोर्टात गेलं, आन् हुकूम झाला. पार लांब येड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं ह्यास्नी.

नऊ म्हयनं तितं. मग पत्र आलं. आमच्या गल्लीतल्या आकारामनं वाचून दाखवलं. मानूस आता निवांत हाय, दोन म्हयन्यांच्या रजेवर घरी सोडतो, दोन म्हयन्यांनी सरकारी डागदर घरी येऊन सगळं कसं चाललंय ते बघील. बरं वाटलं तर नाव काडून टाकू, न्हाय तर माघारी. आन् ह्या खेपंला माघारी म्हंजे कायमचं. मी अंगठा उठवला आन् मालकास्नी घेऊन आले.

आता माझ्या हातांचं सांगते. सांगायचं न्हवतं, पर त्याबिगार पुढचं कळायचं न्हाय. संधिवातानं माझ्या धाई बोटांचा इचका झालाय, आन् हे गेल्यापासनं तो दिसागनिक वाढतच गेला. बोटं आडवी झाल्यात, मिटत न्हाईत, उघडत न्हाईत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत्यात, माझी मूठ तर झाकतबी न्हाय. हे इस्पितळात हुतं तवा मी जुंधळ्याच्या कन्या शिजवून खाल्ल्या, आंबील प्याले. कुनाला कळू दिलं न्हाय.

हे आलं त्याच्या तिसऱ्या दिशी भाकरी करायचं मनात घेतलं. नऊ म्हयन्यांनी मानूस घरी आलाय, कन्या किती दिस घालायच्या? पीठ मळलं कसंतरी, थापाय घेतली, आन् उचलताना भाकरी मधनं तुटून निम्मी चुलीत पडली. मी तशीच बसले. हे उठलं. मला खांद्याला धरून बाजूला सारलं, काठवट पुढं वडली आन् पीठ मळाय लागलं. इस्पितळात त्यास्नी भटारखान्यात लावल्यालं म्हनं, चाळीस मानसांच्या भाकरी. भाकरी कसली झाली म्हनता, पापुद्रा असा फुगला की माझी थोरली सासू पाया पडली असती.

तवापासनं भाकरी त्यांनीच केली. माझं लुगडं त्यांनीच पिळलं. माझ्या केसांत फणीबी त्यांनीच घातली. घोड्याची आयाळ विंचरल्यावानी हळू विंचरायचं आन् अंबाडा असा घट्ट घालायचं की दुसऱ्या दिसापतूर हलायचा न्हाय. दोन म्हयनं ह्या घराचा गाडा त्या येड्या म्हनलेल्या मानसानं वडला.

आन् मी काय केलं? दाराला कडी लावली.

कारन आमची गल्ली तुमास्नी म्हाईत न्हाय. हितं बापय मानूस पान्याचा तांब्याबी हातानं भरून घेत न्हाय. नवरा चुलीम्होरं बसल्याला दिसला तर बायको जित्ती हाय का म्हनून इचारत्यात, आन् जित्ती असली तर मग काय सोडतच न्हाईत. त्यात भिंतीला भिंत लावून माझी धाकटी जाऊ, बायडाबाई. तीस वर्सं तिचं-माझं भांडान पेटल्या इस्तवासारखं. तिच्या कालवनाला मी नावं ठेवायची, माझ्या घराला ती. तिला कळलं असतं की आक्काच्या हातनं भाकरी हुईना, तर तिनं नारळ फोडला असता, असं मला वाटायचं.

डागदर यायचा दिस ठरला. मी घर सारवून घेतलं. म्हंजे सारवलं त्यांनीच, मी कोपरं दाखवलं. मग त्यास्नी धुतल्यालं धोतर, कोट, फेटा घालाय लावला आन् बजावलं, "डागदर हाय तवर चुलीकडं फिरकायचं न्हाय. कशाला हात लावायचा न्हाय. पागेत साहेब यायचा तवा बसत हुता, तसं बसायचं."

"बरं," म्हनलं.

माझ्या मनात काय हुतं सांगू का? मला वाटलं, सरकार बघाय येतंय ते म्हाताऱ्याची आबाळ हुती का न्हाई ते. बायको नीट करती का, येळंवर देती का. तवा डागदरला दावायचं की ह्या घरात आजारी मानूस राजावानी ठेवलाय. काय चुकलं माझं? चाळीस वर्सं गल्लीनं ज्या मापानं बायकोची लायकी मोजली, त्याच मापानं मीबी मापून दिलं.

डागदर आला. तिशीतलं पोरगंच, पुन्याकडलं, चष्मा, पाटलून. मागं पट्टेवाला, एका हातात डागदरची पेटी, दुसऱ्या हातात डागदरच्या डोक्यावर धरल्याली छत्री. त्याच्या मागं निम्मी गल्ली. दारात खेटून उभी. हाकलून तरी कुनाला द्यायचं, उद्या त्यांच्याच दारात जायचं असतंय.

आदी त्यानं ह्यास्नी चार गोष्टी इचारल्या. वार कोनता, साल कोनतं, मुख्यमंत्री कोन. ह्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मग डागदरनं गुडघ्यावर फळी घेतली, कागद लावला आन् माझ्याकडं वळला.

"बाई, आता घरातलं विचारतो. गणपतराव सकाळी उठून स्वतःहून तोंड धुतात का?"

"सोताहून कशाला? मी पानी देते, राखुंडी देते हातावर."

"आंघोळ?"

"पानी मी तापवते, मी काडते, पाठबी मीच चोळते."

"कपडे स्वतः घेतात?"

"धोतर मी काडून ठेवते. टोपी सुदिक हातात देते."

डागदर लिवत हुता. माझी मान ताठ. दारातल्या बायका एकमेकींकडं बघून माना हलवत हुत्या, बघा आक्का कशी करती. त्या माना बघून मला आनी चेव आला.

"जेवण वाढून घेतात का, भूक लागली तर?"

"मी मेलेय काय, डागदर?"

"घरातली काही कामं? झाडणं, पाणी भरणं, स्वयंपाक?"

गल्ली हसली. मीबी हसले. "बापय मानूस हाय. लगीन झाल्यापासनं ह्या घरातली काडी हलवू दिली न्हाय मी त्यास्नी."

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून भिंतीकडं बघत बसलं. डागदरनं तेबी लिवलं असंल.

असं एकवीस. शेवटचा झाला तशी मी म्हनलं, "डागदर, झोपंचं इचारलं न्हाई तुमी."

"झोपेचा प्रश्न या कागदात नाही."

"आवो, सगळं दुखनं झोपंत हाय ह्यांचं. सलग तीन राती झोपलं न्हाईत की मला कळतंय. पैल्यांदा शीळ घालाय लागत्यात, घोड्याला बोलवल्यागत. तवाच औषद दिलं, कुनी लांब फिरवून आनलं, तर उधान निम्म्यावर येतंय. बसनीच्या आदी तर आठ दिस मीठ जास्त हाय म्हनत्यात, कशातबी. हे लिवा की."

"ते तिथले डॉक्टर बघतील," म्हनला आन् पेनाला टोपान घातलं. पस्तीस वर्सं मी ह्या मानसाचा स्वास-स्वास मोजला, आन् जे मला येतंय ते त्यांच्या कागदात न्हाय. कागदात काय हाय, तर टोपी कोन देतंय.

मग डागदर खाली आवाजात बोलाय लागला. मानूस वाईट न्हवता तो, ते जास्त झोंबतंय. "बाई, तुम्ही फार करता. पण एकवीसपैकी एकही काम ते स्वतः करत नाहीत. तुमचं वय साठ. उद्या तुम्ही अंथरूण धरलंत, तर यांचं काय? तिथं निदान सगळी व्यवस्था आहे. मला परत पाठवा असंच लिहावं लागेल. परवा गाडी येईल."

माझ्या पायाखालची सारवल्याली भुई सरकली. आन् मग नाकाला मिरच्या झोंबल्यागत झालं.

"तुमची छत्री कोन धरतंय, डागदर?"

"काय?"

"छत्री. आन् पेटी. घरात तुमचं पानी कोन काडतंय? ह्या दारात चौदा बापय उभं हायत, इचारा एकेकाला तुमचं एकवीस सवाल. एक जरी पास झाला तर नाव बदलीन. न्या सगळ्यास्नी त्या गाडीत घालून."

बापय लोक मागं सरलं. डागदरचं कान लाल झालं, पर तो डोकं फिरवून घेनारा न्हवता. म्हनला, "छत्री मला धरता येते, बाई. मी धरत नाही, एवढंच. यांना काही येतं का, हा माझा प्रश्न आहे."

आली का पंचाईत. ह्याला काय उत्तर द्यायचं? उत्तर हुतं, सकाळी ह्यांनी केल्याल्या चार भाकरी दुरडीत फडक्याखाली हुत्या. मी दाराकडं बघितलं. सगळी तोंडं हितंच. मी जिभंवर आलेलं दोनदा गिळलं आन् तिसऱ्यांदा बारीक आवाजात म्हनलं, "येतं. सगळं येतं त्यास्नी. भाकरीबी येती."

"आत्ता तर म्हणालात काडी हलवत नाहीत."

"ते... ते खोटं बोलले."

"मग हे खरं कशावरून?" तो ह्यांच्याकडं वळला. "गणपतराव, तुम्हाला भाकरी करता येते?"

ह्यांनी फेटा जरा सारखा केला आन् म्हनलं, "न्हाय जी. ते काय बापय मानसाचं काम हाय व्हय?"

त्या घटकेला मला वाटलं, उठावं आन् ह्यांच्या पाठीत धपाटा घालावा. आयुष्यात कदी घातला न्हाय, पर त्या दिशी हात शिवशिवला. एवढा शाना मानूस, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. आन् कशासाटी, तर मी सांगितलं म्हनून.

डागदर माझ्याकडं वळला. "मी काय लिहू, बाई, तुम्हीच सांगा. कोणी बघितलंय का यांना काम करताना?"

कोन बघनार? कडी माझीच.

तवा दारातल्या बायकांत हालचाल झाली आन् बायडाबाई आत आली. पदर नाकापतूर वडल्याला, तोंड भिंतीकडं. थोरल्या दिराम्होरं तिनं तीस वर्सांत आवाज काडला न्हवता. भिंतीलाच सांगितल्यागत म्हनली, "सायेब, मी हिची जाऊ. मधी एक भिंत हाय. आक्काच्या हातची भाकरीची थाप मी तीस वर्सं ऐकतीया. तिची थाप भराभरा असती, भांडल्यागत. मधी नऊ म्हयनं तर थापच न्हवती. दोन म्हयनं झालं, थाप दुसरीच हाय. जड आन् सावकास. आन् परसात वाळत घातल्यालं लुगडं असं पिळल्यालं असतंय की खाली थेंब पडत न्हाय. ते हिच्या बोटांचं काम न्हवं. तिची बोटं गेल्यात, लई दिस झालं."

कुनीतरी मागं फिस्सकन हसलं. बायडाबाईनं तिकडं नुसतं बघितलं आन् ते गप झालं.

"आदी का न्हाय बोललीस?" मी इचारलं.

"तू झाकत हुतीस. मी कशाला उघडू?" म्हनली.

तीस वर्सं जिला वैरीन म्हनलं तिनं दोन म्हयनं माझं झाकलं हुतं, आन् मला पत्ता न्हवता.

डागदर आता खुर्चीत पुढं सरकला. "गणपतराव, मग नाही का म्हणालात?"

हे बोलाय लागलं ते डागदरकडं बघून, माझ्याकडं न्हाय. "डागदर, तितं मी चाळीस जनांच्या भाकरी करत हुतो. कुनी हसलं न्हाय. जेवताना लोक नाव काडायचं. हितं दोन म्हयनं कडी लावून पीठ मळतोय. हिला माझी लाज वाटती. वाटनारच, येडा नवरा पदरात पडला, त्यात आनी चुलीम्होरं बसल्याला. म्हातारपनी हिनं गल्लीत खाली मान घालून फिराय नगं. तुमी लिवा काय लिवायचं ते. मी जातो. तितं काम तरी उजेडात हाय."

मी बोलनारी बाई. गल्लीत माझ्या तोंडाला कुनी लागत न्हाय. तरी हे दोन म्हयनं पीठ मळत असं समजत हुतं. रोज. माझा अंबाडा घालतानाबी तेच समजत असतील. आन् मी एकदाबी सांगितलं न्हवतं, कारन ह्यास्नी सांगायचं तर आदी मलाच मान्य कराय पायजे हुतं.

मी उठले. दोन्ही हात पदरातनं बाहेर काडलं आन् डागदरच्या त्या फळीवर, कागदावरच ठेवलं.

"लाज ह्यांची न्हवती," मी म्हनलं. "ह्या हातांची हुती. ज्या बाईला भाकरी येत न्हाय ती कसली बाई, असं मीच दुसऱ्यास्नी म्हनत आले जलमभर. डागदर, तुमी सवाल चुकीच्या मानसाला लावलं. माझं नाव लिवा. मला इचारा."

डागदर माझ्या बोटांकडं बघत हुता. मग माझं हात त्यानं हळूच बाजूला केलं आन् कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला.

"भाकरी करता येते?"

"न्हाय." दारातली मानसं ऐकत हुती. ऐकूद्यात.

"कपडे धुता येतात?"

"बुचकळता येत्यात. पिळता येत न्हाईत."

"पाणी भरता येतं?"

"घागर धरवत न्हाय."

"केस?"

"न्हाय."

"लुगडं नेसता येतं?"

हे सांगाय मला जड गेलं. "निऱ्या धरता येत न्हाईत. हे धरत्यात."

"मग हे सगळं कोण करतं?"

"हे."

"रोज?"

"रोज. न सांगता."

डागदरनं लिवलं. लिवता लिवता थांबला. "आणि हे नसले, तर तुमचं कोण करील?"

"कुनी न्हाय. परवा गाडी आनताय न्हवं, तर त्यात दोघांची जागा ठेवा. ह्यास्नी न्या भटारखान्यात आन् मला न्या जेवनाऱ्यांत."

तो हसला न्हाय. कागद सरळ करून एकवीस सवालांवर त्यानं एक आडवी रेघ मारली. खाली दोन ओळी लिवल्या, सही केली. मला वाचता येत न्हाय. मी म्हनलं, मोठ्यानं वाचून दावा, सगळ्यास्नी ऐकू जाऊदे.

त्यानं वाचलं. "रुग्णास घरीच ठेवावे. रुग्णाची पत्नी दैनंदिन कामांसाठी पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून आहे."

अवलंबून म्हंजे काय, मी आकारामला इचारलं. तो दारातच उभा हुता. आदी लाजला, मग म्हनला, "आक्का, म्हंजे तुमचं त्यांच्याबिगार चालत न्हाय."

आक्ख्या गल्लीनं ऐकलं. मी मान खाली घातली न्हाय.